कोरी फडकी

सायकलचं चाक एका दिवसात बिघडत नाही. खड्ड्यात आपटतं, ओझ्यानं दबतं, एखादी तार सैल होते, तिचा भार शेजारची तार घेते, आणि एक दिवस चाक फिरता फिरता कंबर हलवायला लागतं. चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ब्रेकचं रबर घासायला लागलं की मग तो दुकानाशी येऊन म्हणतो, "मिस्त्री, चाकात आऊट आलाय बघा." हा आऊट काढायचा, म्हणजे वाकडं चालणारं चाक पुन्हा नाकासमोर चालतं करायचं. पंक्चर काय, कोणीही काढतो. आऊट काढणारा हात शंभरातल्या एखाद्याचा.

आमच्या तिठ्यावरच्या दुकानात हा हात एका बाईचा होता. दुकान तिच्या नवऱ्याचं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि तिला वहिनी. मिस्त्री पंक्चर काढायचा, सांधे झाळायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. वहिनी दाराजवळ बुटक्या स्टुलावर बसायची. तिच्यापुढं लाकडी ठोकळ्यावर उलटा ठोकलेला सायकलचा एक जुना चिमटा होता, त्यात चाक अडकवलेलं असायचं. चाकाला टिचकी मारायची, खडूचा तुकडा रिमच्या कडेला धरायचा, चाक जिथं बाहेर येईल तिथं खडू उमटायचा. मग त्या जागेची एक तार आवळायची, समोरची सोडायची, पुन्हा टिचकी. मधेच एखादी तार बोटानं छेडून आवाज ऐकायची. आणि हे करताना डावा डोळा मिटलेला. उजव्या डोळ्यानं कडेवरून नजर लावायची. दोन डोळ्यांना एका रेघेच्या दोन रेघा दिसतात, असं मिस्त्रीनंच तिला लग्नानंतर शिकवलं होतं. शिकवणारा मागं राहिला आणि शिकणारी पुढं गेली, आणि मिस्त्रीला त्याचा अभिमानच होता.

एखादं नवखं गिऱ्हाईक हसून विचारायचं, "वहिनी, चाकाला डोळा मारताय का काय?"

"मारते म्हणून तर ते सरळ चालतं," ती मान वर न करता म्हणायची. "तुम्हाला मारला तर तुमची बायको मला सरळ करेल."

मिस्त्री आतून म्हणायचा, "चाकाचं काय घेऊन बसलात? मलाही तिनंच सरळ केलंय."

"अजून थोडा आऊट आहे," ती म्हणायची. दुकानात हशा पिकायचा.

दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांचं घर, दोन खोल्यांचं. खोल्यांच्या मागं छोटंसं अंगण आणि अंगणात दोन खांबांना ताणून बांधलेली ब्रेकची जुनी तार, कपडे वाळत घालायला. घर नीटनेटकं होतं, दोघांचं पटत होतं, हाताला काम होतं. उणं एकच होतं. पाळणा हलला नव्हता.

मिस्त्री त्यावरून कधी चकार शब्द बोलला नाही. दर महिन्याला मागच्या तारेवर पाळीची फडकी वाळत पडली की त्याला कळायचं. त्या दिवशी तो दुकानातून उठून आत यायचा, स्वतःच्या हातानं चहा करायचा, नेहमीपेक्षा गोड करायचा, कप तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "असू दे. पुढच्या खेपेला." एवढंच. बाकीच्या बायका नवऱ्याच्या जिभेची गाऱ्हाणी सांगत. हिच्या नवऱ्याच्या जिभेवर एवढे चार शब्द असायचे आणि त्यांच्यावर ती पुढचा महिना काढायची.

छत्तिसाव्या वर्षी तिची पाळी चुकली. एक महिना गेला, दुसरा गेला. तिनं मिस्त्रीला सांगितलं.  तो उठला, तिच्यापुढचं चाक काढून घेतलं आणि स्वतः स्टुलावर बसला. त्या दिवसापासून त्यानं तिला जड काही उचलू दिलं नाही. त्या काळात त्यानं आऊट काढलेली चाकं पुढं वर्षभर वाकडी चालली म्हणतात, पण कोणी तक्रार केली नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघून कोणाची जीभ रेटत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात ती दवाखान्यात गेली. एकटी गेली. पक्की बातमी आपणच त्याला आणून द्यावी, असं तिला वाटलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समोर बसवलं.

"तुम्हाला दिवस गेलेले नाहीत. तुमची पाळी थांबतेय."

तिला आधी कळलंच नाही. "माझं वय छत्तीस आहे," ती म्हणाली, जणू त्यांची काहीतरी गफलत झाली असावी.

"कुणाकुणाची लवकर थांबते. अंडाशय लवकर थकतात. कारण दर वेळी सापडतंच असं नाही." आवाज मऊ होता. "मिस्टरांना घेऊन या. मी समजावून सांगते."

ती घरी चालत आली. मिस्त्री स्टुलावर बसून चाकाशी झटत होता. तिची सावली दारात पडली तसं त्यानं हातानं चाक थांबवलं आणि वर बघितलं. 

तिच्या जिभेवर शब्द तयार होते. आली नाही, आणि आता कधी येणार नाही. पण त्याचा तो वर झालेला चेहरा बघितला आणि तिच्या तोंडून एकच शब्द आला. "आली."

तो उठला, आत गेला, चहाचं आधण ठेवलं. कप देताना म्हणाला, "असू दे. पुढच्या खेपेला."

तिनं चहा घेतला.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ट्रंकेतली कोरी फडकी काढली, पाण्यात बुचकळली, पिळली आणि मागच्या तारेवर घातली.

पुढच्या महिन्यातही घातली. त्याच्या पुढच्याही. मनाशी म्हणायची, या महिन्यात सांगेन. मग तो चहा घेऊन यायचा, आणि तिला वाटायचं, आज नको, आज तो हसतोय. कधी वाटायचं, आज नको, आज तो दमलाय. खोटं बोलायला धाडस लागतं असं लोक म्हणतात. तसं काही नसतं. ते एकदा बोललं की नंतर रोज नुसतं वाळत घालायचं असतं.

अंग मात्र खोटं बोलत नव्हतं. दुकानात बसल्या बसल्या आतून आगीचा लोट उठायचा, कानशिलं तापायची, पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या. ती ओरडायची, "अहो, तो झाळायचा दिवा जरा बारीक करा."

"अगं, दिवा लावलेलाच नाही."

"मग लावा तरी. घामाला काही कारण पाहिजे."

मिस्त्री हसायचा. डोळे कोरडे पडायचे, वाळू गेल्यासारखे चरचरायचे. ती पाण्याचे हबके मारायची आणि रिमवरच्या गंजाला शिव्या घालायची.

तिची मोठी बहीण, ताई, अधूनमधून यायची. पन्नाशी जवळ आली तरी तिची पाळी बंद व्हायचं नाव घेत नव्हती. "पाठच सोडत नाही मेली," ताई अंगणात बसून कुरकुरायची. "तुझं कसं चाललंय?"

"चाललंय," ही म्हणायची आणि फडकी झटकून तारेवर टाकायची.

"म्हणजे दोघी म्हाताऱ्या होऊनही फडकीच वाळत घालणार आपण."

ही हसायची. सख्ख्या बहिणीच्या नजरेसमोर कोरी फडकी वाळायची, आणि बहिणीला त्यावर एक पुसटसा डागही कधी दिसला नाही याचं नवल वाटलं नाही. आपल्या माणसाच्या घरात कोण संशयानं बघतं?

याच दिवसांत मिस्त्रीची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. मुलगी जगली. बहिणीच्या नवऱ्याची शुद्ध हरपली होती. मुलीला धड दूध पाजायचंही कोणाला भान नव्हतं. दिवस झाल्यावर मुलीचे चुलते मिस्त्रीकडे आले, कापडात गुंडाळलेली मुलगी घेऊन. म्हणाले, "तुमच्या बहिणीचं रक्त आहे. तुम्हाला मूल नाही. तुम्ही वाढवा, आम्ही मागं लागणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आमची ही वाढवेल, पण आधी मान तुमचा."

मुलगी वहिनीच्या मांडीवर दिली. ती झोपेत ओठ हलवत होती. वहिनीनं तिच्या तळपायावर बोट ठेवलं तर तळपाय बोटाएवढा.

 मिस्त्रीची नजर उघड्या मागच्या दारातून अंगणात गेली. तारेवर फडकी होती. त्याच सकाळी तिनं घातलेली.

"आमचं वय अजून गेलेलं नाही," तो सावकाश म्हणाला. "उद्या आमचं झालं, तर या पोरीकडं नाही म्हटलं तरी दुर्लक्ष होईल. मला माझी माहिती आहे, मी काही देव नाही. आई नसलेल्या लेकराला दुसऱ्या नंबरचं घर नको." मग तिच्याकडं वळून म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

आत्ता. ती मनाशी म्हणाली, आत्ता. पाच माणसं बसली होती. मुलीचे चुलते, त्यांची बायको, दारात शेजारीण. या सगळ्यांपुढं ती काय सांगणार होती? की ती फडकी कोरी आहेत? की मी दोन वर्षं नवऱ्याच्या आशेला पाणी घालतेय, आणि खाली बीच नाही?

"तुम्ही म्हणता तेच," ती म्हणाली.

चुलतीनं मुलगी उचलून घेतली. मांडीवरची ऊब थोडा वेळ तशीच राहिली, मग गेली. त्या दिवशी चहा करायला मिस्त्री आत आला तेव्हा ती चुलीपाशी पाठ करून उभी होती. तो म्हणाला, "आपण बरोबर केलं ना?" ती "हो" म्हणाली.

वर्षं गेली. चवेचाळिसाव्या वर्षी तिला जवळचं अंधुक दिसायला लागलं. चाकाच्या तारा एकमेकींत मिसळायच्या. मिस्त्री तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, बारीक चौकशी करणाऱ्या. चष्म्याचा नंबर काढला, मग एका यंत्रानं डोळ्यातला दाब मोजला आणि थांबल्या.

"घरात कोणाला काचबिंदू होता?"

"आमची आजी शेवटी आंधळी झाली होती. का, ते ठाऊक नाही."

"तुमचा दाब काठावर आहे. लगेच घाबरायचं नाही." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "एक विचारते. पाळी आहे ना अजून?"

मिस्त्री शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर टोपी घेऊन बसला होता.

"ते कशाला?" ती म्हणाली.

"बाईच्या अंगातलं पाळीचं हार्मोन डोळ्याच्या नसेलाही सांभाळत असावं, असं दिसतं. ज्यांची पाळी फार लवकर जाते त्यांना काचबिंदूचा धोका थोडा जास्त आढळतो. तसं असेल तर मी तुम्हाला दर सहा महिन्यांनी बोलावेन. नसेल तर वर्षानं आलात तरी चालेल."

"आहे," ती म्हणाली. "वेळच्या वेळी येते."

मिस्त्री समाधानानं मान हलवत होता.

"मग वर्षानं या. नक्की या हं."

ती वर्षानं गेली नाही. चष्म्यानं तारा सुट्या सुट्या दिसत होत्या, दुखत काहीच नव्हतं, आणि पुन्हा तो प्रश्न त्याच खुर्चीवर बसून ऐकायची तिची छाती नव्हती. दवाखान्यापासून ती डोळ्यामुळं लांब राहिली नाही. त्या प्रश्नामुळं राहिली.

अठ्ठेचाळिशीला तिनं फडकी घालणं बंद केलं. दोन महिने, तीन महिने तार रिकामी राहिली. एके दिवशी मिस्त्री त्या रिकाम्या तारेपाशी उभा राहून आला आणि म्हणाला, "गेली का गं?" ती म्हणाली, "गेली." तो म्हणाला, "चला. आता आपण दोघंच." आणि दुकानात जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं कोणाशी गप्पा मारल्या नाहीत. बारा वर्षं जुनी मयत त्या माणसानं त्या दिवशी एकट्यानं उचलली, आणि ती ज्या वेळी झाली तेव्हा दोघांनी मिळून उचलायची होती, हे फक्त तिला ठाऊक होतं.

काचबिंदूचं एक वाईट आहे. तो पुढून येत नाही. समोरचं सगळं लख्ख ठेवतो आणि कडेकडेनं खात येतो. ती डाव्या चौकटीला खांदा आपटायची. डाव्या हाताशी ठेवलेला कप लवंडायची. डावीकडून येणारी सायकल एकदम अंगावर आल्यासारखी दचकायची.

"वहिनींची डावी बाजू फितूर झालीय," गिऱ्हाइकं म्हणायची.

"उजवी तरी माझी आहे ना," ती म्हणायची, आणि डावा डोळा मिटून चाकावर नजर लावायची.

तिथंच घात झाला. दुसरी कोणी असती तर तिला कधीतरी कळलं असतं. पण हिनं आयुष्यभर ज्या डोळ्यानं काम केलं तो उजवा होता, आणि जो मिटून ठेवला तो डावा. काम बिनचूक होत होतं. चाकं सरळ चालत होती. मिटलेल्या पापणीमागं दिवा विझत आला होता आणि पापणी उघडून बघायचं काही कामच पडत नव्हतं.

एक्कावन्नाव्या वर्षी, भर दुपारी, मिस्त्री कानशीनं गंजलेली बोल्टाची मान घासत होता. लोखंडाचा कीस उडाला आणि तिच्या उजव्या डोळ्यात गेला. तिनं तो डोळा गच्च मिटला, हातानं दाबला, आणि डाव्या डोळ्यानं पाण्याचा तांब्या शोधायला लागली.

"अहो, वीज गेली का?" तिनं विचारलं.

मिस्त्री तिच्याकडं बघतच राहिला. बाहेर ऊन रटरटत होतं.

"तुम्ही कुठं आहात?" ती म्हणाली.

तो तिच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता.

पुन्हा तोच दवाखाना, त्याच डॉक्टर बाई. त्यांच्या केसांत आता चंदेरी छटा दिसत होती. आधी उजव्या डोळ्यातला कीस काढला, आणि तो डोळा निवल्यावर तिला एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत बारीक दिवे लागायचे. दिसला की हातातलं बटण दाबायचं, टक असा आवाज व्हायचा. मिस्त्री पडद्याच्या अलीकडं बाकावर बसून तो आवाज ऐकत होता. उजव्या डोळ्याच्या वेळी टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक टक. डाव्या डोळ्याच्या वेळी तो कान देऊन बसला. मग त्यानं मान खाली घातली.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "डाव्या डोळ्याची नस वाळलीय. गेलेली नजर परत येत नाही. उजव्यालाही कडेनं लागलंय, पण मधलं शाबूत आहे. तेवढं आपल्याला राखायचंय." थोडं थांबून म्हणाल्या, "नुसत्या थेंबांवर ठेवायचं की ऑपरेशन आत्ताच करायचं, हे हा आजार किती वर्षं चाललाय त्यावर ठरवेन. म्हणून नीट आठवून सांगा. पाळी कधी गेली?"

"तीन वर्षं झाली," मिस्त्री म्हणाला. तिच्याऐवजी, मदत म्हणून.

डॉक्टर तिच्याकडंच बघत होत्या. तीन वर्षं असं लिहून घेतलं तर थेंब मिळतील आणि पदरात नवरा राहील. खरं सांगितलं तर कदाचित डोळा राहील. ती त्या टेबलाकडं बघत होती. टेबलाच्या दोन्ही कडा तिला दिसत नव्हत्या, फक्त मधला तुकडा दिसत होता. उद्या तोही गेला तर हा माणूस तिला हाताला धरून नेणार, आणि ती आंधळी त्याच्यामागं चालणार, अजून खोटं बोलत.

"छत्तिसाव्या वर्षी," ती म्हणाली.

"तिला आठवत नाही," मिस्त्री डॉक्टरांना म्हणाला. "अठ्ठेचाळीस."

"छत्तीस," ती पुन्हा म्हणाली. "मला आठवतंय."

खोलीत पंखा फिरत होता.  डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग थांबायला नको. ऑपरेशन करून टाकू."

"मागच्या खेपेला खरं बोलले असते तर?" तिनं विचारलं.

"डोळा वाचलाच असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण लवकर कळलं असतं."

परत येताना तो सायकल चालवत होता आणि ती मागं कॅरियरवर बसली होती. त्याची पाठ तेवढी तिला दिसत होती. चढ लागला तसा तो उतरला आणि सायकल ढकलायला लागला. तीही उतरली. चढाच्या मध्यावर तो पुढं बघतच म्हणाला, "मग ती फडकी?"

"कोरी असायची."

"सगळी?"

"सगळी."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "मी चहा आणायचो."

"हो."

सायकलची चेन तेवढी वाजत होती. चढ संपत आला तेव्हा तो थांबला. "पोरीला घेऊन आले होते, त्या दिवशी?"

"त्या दिवशीही."

त्यानं मान हलवली, जशी गिऱ्हाइकानं सांगितलेली मोडतोड ऐकून हलवायचा. पुढं सपाट रस्ता होता, पण तो सायकलवर बसला नाही. घरापर्यंत ढकलतच नेली. ती मागून चालत आली.

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याचा मधला भाग राहिला. तिला आता नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, एका वेळी ताटाएवढं. थेंब रोज घालायचे होते. तिचा हात चुकायचा, थेंब गालावर पडायचा, म्हणून मिस्त्री घालायचा. तिची हनुवटी वर करायचा, थेंब टाकायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. तेवढा वेळ त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ असायचा. तो बोलायचा नाही.

ताई आली तेव्हा हिनं तिला सगळं सांगितलं. ताई डोक्याला हात लावून बसली. मग म्हणाली, "मारलं का तुला?"

"नाही."

"बोलले?"

"नाही. नुसते थेंब घालतात." मग म्हणाली, "बोलले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं गं."

असे कित्येक महिने गेले. एका संध्याकाळी कोपऱ्यावर बोट दाबून धरलेलं असताना तो म्हणाला, "मी पुढच्या खेपेला म्हणायला नको होतं."

तिनं मिटलेल्या डोळ्यानंच मान हलवायचा प्रयत्न केला. "हलू नको," तो म्हणाला. "थेंब बाहेर येईल."

मग तिनं त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली. "मला तिला एकदा बघायचंय. दिसतंय तोवर."

"बघून काय करणार?"

"काही नाही. बघणार."

मुलगी तेरा वर्षांची झाली होती. चुलत्याच्या घरी ती चुलतीला आई म्हणायची आणि चुलतीच्या दोन मुलांशी हक्कानं भांडायची. घर हसतं होतं. मुलीचे केस चापूनचोपून विंचरलेले, कोपरावर शाईचा डाग, आवाजात लाड. मिस्त्री आणि वहिनी बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर बसले, तो तिच्या उजव्या हाताला, जरा पुढं. आपल्याकडं न आलेलं लेकरू दुसरीकडं हाल सोसत असेल, तर माणूस स्वतःला शिव्या तरी घालतो. ते सुखात असेल तर तेवढीही सोय राहत नाही.

वहिनी मुलीला बघत होती. एका वेळी ताटाएवढं. कपाळ बघितलं, मग नाक, मग हनुवटी. हनुवटी नणंदेची होती. मग ओठ बघितले, झोपेत हलायचे ते. एकेक तुकडा बघून मनात जोडत होती, आणि तोवर मुलगी हलायची, आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात करावी लागायची.

मुलगी आत पळाली. तिचं कुजबुजणं बाहेर ऐकू आलं. "आई, त्या मामी माझ्याकडं अशा का बघतायत?"

"त्यांना कमी दिसतं गं. जा, जवळ जाऊन बस त्यांच्या."

मुलगी गुणी होती. आली आणि वहिनीच्या डाव्या बाजूची खुर्ची ओढून अगदी खेटून बसली. तशी ती वहिनीच्या नजरेतून पार नाहीशी झाली.

वहिनी समोर बघत राहिली. मान वळवली तर मुलगी पुन्हा ओशाळेल, म्हणून वळवली नाही. मुलगी शाळेचं काही सांगत होती, मैत्रिणीचं, सुट्टीचं. तिच्या हाताचा स्पर्श डाव्या दंडाला होत होता. वहिनी हसत होती आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडं बघत होती.

मिस्त्रीनं ते बघितलं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"बाळ, तू इकडं बस," तो मुलीला म्हणाला. "इकडं वारा चांगला येतो."

मुलगी उठून त्याच्या खुर्चीवर आली, वहिनीच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूला. मिस्त्री बाहेर गेला आणि पायरीवर, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.